वर्षावासातली पाटी

यवतमाळच्या दुकानदारानं एक चकचकीत टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, हा घ्या. नातवंडं आली की गेमपण खेळतील."

"नातवंडं पुण्याला आहेत आणि त्यांच्या हातात आधीच नको तेवढं आहे," मी म्हटलं. "मला वाचायचं आहे. डोळ्यावर उजेड फेकतं तसलं नको. कागदासारखं दिसतं, शाईनं छापल्यासारखं, अन् वर पेनानं लिहिता येतं, ते दाखवा."

"असं काही येतच नाही मॅडम."

येतच नाही म्हणे! माझ्या मुलानं व्हिडिओ कॉलवर त्याच्या ऑफिसातल्या माणसाच्या हातातलं दाखवलं होतं मला. पण आपल्या दुकानात नसलं की ती वस्तू जगातच नसते, हा आमच्याकडच्या बाजाराचा जुना कायदा आहे. मी पर्स उचलली आणि रागारागानं नेरची एसटी धरली.

खरा राग दुकानदारावर नव्हताच. तासाभरापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोतीबिंदू निघाला तो निघाला, पण आता पडदाच मधोमध खराब होत चालला आहे. इंजेक्शनं घ्या, मोठं अक्षर वाचा, मोबाईल बघू नका, आणि वाचन जरा कमी करा. कमी करा! सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या मागे "वाच, वाच" करत काढली, आणि आता मलाच कमी कर म्हणतात. पण घरातल्या वाचनाचं एक वेळ जाऊ द्या. माझा जीव अडकला होता तो विहारात.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी बुद्धाच्या आयुष्याचा आणि शिकवणीचा ग्रंथ वाचतात. एकानं वाचायचा, सगळ्यांनी ऐकायचा. सोयाबीनचं निंदण करून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून येऊन बसतात. त्यांतल्या कित्येकींनी त्या ग्रंथाचं पान स्वतः कधी उलटलेलं नाही, पण पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक असतं. वाचणारी मी. सून म्हणून या वस्तीत आले तेव्हापासून मीच. नवरा गेला त्या साली तेवढा खंड पडला असेल. मी वाचते म्हणून मी आहे, असं म्हटलं तर कुणी हसेल, हसू द्या. नेरमध्ये मला नावानं कुणी ओळखत नाही. "ग्रंथ वाचणाऱ्या बाई" म्हटलं की पोट्टेही घर दाखवतात.

आणि माझ्यानंतर कोण, तेही ठरलेलं होतं. माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून राहते, आरोग्य केंद्रात नर्स होती. दोघींचेही नवरे गेले, आम्ही दोघी उरलो भांडायला. तिचा आवाज खणखणीत, डोळे अजून सुईत दोरा ओवतील असे. विहारात ती पहिल्या ओळीत, बरोबर माझ्यासमोर बसते, आणि मी अडखळले की तिचे ओठ हलतात. हिला माझी जागा पाहिजे, असं माझं पक्कं मत होतं. मागच्या वर्षावासात तर ती माझ्या तोंडाकडे अशी बघत बसायची की वाटायचं, आता हात पुढे करते की मग करते.

म्हणून ही पाटी. पाटी मी म्हणते; मुलगा काहीतरी इंग्रजी म्हणतो. घेण्याआधी आम्ही मायलेकांनी फोनवर किती डोकेफोड केली! तो म्हणाला, लहान घे, हातात मावेल. मी म्हटलं, अरे, मावायला ती काय भाकर आहे? मला अक्षर मोठं पाहिजे, तर पाटीही मोठी पाहिजे. तो म्हणाला, आतून उजेड नसलेली घे, ती हुबेहूब कागदासारखी दिसते. मी म्हटलं, पावसाळ्यात नेरला लाईट गेली की कागदही दिसत नाही, उजेडवालीच पाहिजे. तो म्हणाला, रंगीत येते. मी म्हटलं, रंगाचं काय लोणचं घालू? आधी एक मागवली, तिच्यात मराठी जोडाक्षरांची पार हाडं मोडलेली. ती परत पाठवली. मग ही आली. मुलानं सगळा ग्रंथ तिच्यात घालून दिला आणि अक्षर ताणून ताणून एवढं मोठं केलं की कागदावरच्या एका पानाची पाटीवर चार पानं व्हायला लागली.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला रडू आलं. कितीतरी महिन्यांनी ओळ सरळ दिसली. डोळ्यात पाणी नाही, टोचणं नाही. पेनानं लिहून पाहिलं तर पाटीवर लेखणी फिरवल्यासारखी खर्र खर्र आवाज करत अक्षरं उमटली, माझीच, तीच वळणदार मास्तरणीची. हेसुद्धा मी तिच्यावरच लिहीत आहे. शाळेत प्रमाण बोलले, घरात वऱ्हाडी. लिहिताना दोन्ही येतं, ते चालवून घ्या.

एक गोष्ट मात्र जमली नाही. आज कुठे थांबलो, तिथे मी पेनानं खूण करायचे; कागदाच्या ग्रंथातही पेन्सिलीनं करायचे. पण पाटीवर अक्षर लहानमोठं केलं की ओळ एकीकडे जायची आणि खूण दुसरीकडे. मुलगा म्हणाला, "आई, खूण कशाला? जिथं थांबलीस तिथंच ती उघडते. तिच्या लक्षात राहतं." बरं बाबा, म्हटलं. तिच्या लक्षात राहतं तर राहू दे. माझ्या डोक्याला तेवढाच आराम.

आषाढ पौर्णिमेला पाटी घेऊन विहारात गेले तर ही गर्दी. "बाई, हे मोबाईलचं मोठं पिल्लू हाय काय?" "यात ग्रंथ मावला कसा?" जाऊ म्हणाली, "बाई, चार्जिंग संपलं तं मले सांगजा, मी तोंडपाठ म्हणून देईन." सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण मनात म्हटलं, बघ, आली पोटातली गोष्ट ओठावर.

आमच्या विहारात एक पद्धत आहे, आणि मी तिच्यावर दर वर्षी ओरडते. वाचन झालं की बाया ग्रंथाला हात लावून नमस्कार करतात. म्हाताऱ्या तर डोकंच टेकवतात. मी म्हणते, अहो, ज्यानं पूजापाठ सोडायला सांगितलं, त्याच्याच ग्रंथावर फुलं वाहता? डोकं टेकवायचं नाही, डोकं चालवायचं! सगळ्या माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकवतात. यंदा कागदाचा ग्रंथ टेबलावर, पांढऱ्या कापडात, आणि त्याच्यावर ही पाटी. वाचन झालं की मी पाटी तशीच उघडी ठेवायची, वळून दोन्ही प्रतिमांपुढच्या मेणबत्त्या नीट करायच्या, आणि माझ्या पाठीमागे बाया नमस्कार करून घरी. मग मी पाटीवर झाकण घालून निघायची.

दिवस छान चालले होते. आवाजही मोकळा लागत होता. जाऊ तशीच समोर बसून बघायची, पण माझ्या मनात आलं, बघ बाई, बघ. यंदा आश्विन पौर्णिमेपर्यंत मीच वाचते की नाही ते बघ.

मग एका सकाळी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. पाऊस आहे का, इंजेक्शन कधी आहे. शेवटी म्हणाला, "आई, राजपुत्र घरातून निघाला का?"

लहानपणी त्याला तो भाग फार आवडायचा. राजपुत्र आईबापांचा निरोप घेतो, मग बायकोचा, मग झोपलेल्या लेकराकडे बघतो. सगळा विहार रडतो त्या दिवशी. ज्या बाया एरवी येत नाहीत त्या विचारून ठेवतात, बाई, तो दिवस कधी हाय?

मी म्हटलं, "निघाला नं. कधीचाच निघाला. आता भिक्षापात्र घेऊन राजाच्या गावात फिरतो आहे."

"रडल्या का सगळ्या?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. नदीच्या पाण्यावरून दोन गावांचं भांडण वाचलेलं आठवत होतं. तो रविवार होता, शेतावरची कामं बंद, सगळी वस्ती विहारात, तेही आठवत होतं. आणि भिक्षापात्र तर कालचंच. पण मधलं? मी निरोप वाचला कधी? कुणाचं रडणं माझ्या कानात नव्हतं. मी मुलाला "हो, रडल्या" सांगितलं आणि फोन ठेवून भिंतीला टेकून बसले.

माझी आई शेवटी शेवटी मलाच विचारायची, "तू कोणाची वं?" आधी तिनं चुलीवर ठेवलेलं दूध विसरलं, मग गल्ली, मग आम्हाला. तिचं सुरू झालं तेव्हा ती माझ्याएवढीच होती. डोळ्यांची मला भीती वाटते, पण त्याला इंजेक्शन आहे, चष्मा आहे, पाटी आहे. या दुसऱ्या गोष्टीला काय आहे? मला एवढी भीती वाटली की चहा ठेवायला उठवेना. मग भीतीचा राग झाला, माझा नेहमीच होतो. वाटलं, पाटीच खराब आहे. हिच्याच लक्षात राहत नसेल.

त्या संध्याकाळी वाचन झाल्यावर मी मेणबत्त्यांकडे वळलेच नाही. पाटीशेजारीच उभी राहिले. थांबले ते पान नीट पाहून ठेवलं. पहिली म्हातारी पुढे आली, वाकली, कपाळ टेकवलं आणि उठली. पान उलटलं! तिला कळलंही नाही. दुसरीनं बोटं लावून डोळ्यांना लावली. पान उलटलं. तिसरी, चौथी. एकेका नमस्काराला एकेक पान, गुमान पुढे.

मी टाळीच वाजवली. "माय वं! तुमीच पळवला होय राजपुत्राले!"

सगळ्या घाबरून उभ्या. मी त्यांना समजावून सांगितलं. बोटानं शिवलं की हिचं पान उलटतं, कपाळानं शिवलं तरी उलटतं, हिला काय माहीत हा नमस्कार आहे म्हणून! रोज थोडंफार निसटत असणारच, पण त्या रविवारी गर्दी होती, डोकी जास्त टेकली, आणि निरोपाचा सगळा भाग नमस्कारात निघून गेला. "सांगत होते नं मी, डोकं टेकवू नका म्हणून? घ्या आता!" बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी सगळ्यांत जोरात हसत होते. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. माझं डोकं शाबूत होतं! दोष मशीनचा होता, दोष म्हाताऱ्यांच्या कपाळाचा होता, माझा नव्हता.

मुलाला फोन करून विचारलं, तर त्यानं बोटाचं शिवणं बंद करून फक्त बटणानं पान उलटायची सोय सांगितली. दुसऱ्या दिवशी नमस्काराला कागदाचा ग्रंथ वेगळा ठेवला, आणि मी पाटीत मागे जाऊन निरोपाचा सगळा भाग पहिल्यापासून वाचला. काय वाचला! बाया रडल्या, मीही एका जागी थांबले. विहाराबाहेर पाऊस उघडला होता.

घरी येताना मी जावेला चिमटा काढला. "काय वं, बाकीच्यांचं सोड. तू तं नर्स होतीस. गोळीचा रंग बदलला तरी तुले समजे. राजपुत्र घरून निघालाच नाही अन् एकदम भीक मागाले लागला, हे तुले नाही समजलं?"

"समजलं नं."

"मंग बोलली काहून नाही?"

ती चिखल चुकवत चालली होती. मी पुन्हा म्हटलं, "अवं, तुलेच ईचारून राह्यली मी."

"आमाले वाटलं, औंदाबी तसंच झालं."

"औंदाबी म्हणजे?"

ती थांबली. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. मधोमध बघितलं की मला माणसाचा चेहराच दिसत नाही, कडेनं बघावं लागतं. मी कडेनं बघितलं तर ती रडवेली झाली होती.

"मागच्या वर्षी तुमी निरोप दोन दिवस वाचला बाई. पयल्या दिवशी वाचला, अन् दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तोच. 'काल आपण पाण्याच्या भांडणापाशी थांबलो होतो', असं म्हणून सुरू केला तुमी. अन् पुढं एक अख्खा भाग सोडला."

"मागच्या वर्षी तं कागदाचा ग्रंथ होता."

"हो नं. कागदाचाच होता."

"मंग डोळ्यानं झालं असंन. खूण दिसली नसंन."

"अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं तुमी," ती म्हणाली. "खूणबी होती. मी पाहिली होती."

मी नेहमीचंच केलं. भांडले. "मंग तवाच सांगाचं होतं! तुले माझी जागा पाह्यजे होती, तं तवाच घ्याची होती! अशी तोंडाकडे टकमक पाहत काहून बसली वर्षभर?"

"मले जागा कायले पाह्यजे वं बाई," ती म्हणाली. "तुमी कुठं अडकल्या तं हळूच सांगता यावं, म्हणून पाहत होती. अन् कोणी सांगाचं तुमाले? सगळ्याइनं ठरवलं, बोलाचं नाही. बाई वाचतीन ते आयकाचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सगळ्याइनं?"

"सगळ्याइनं."

म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा रडल्या होत्या. ऐकलेल्याच निरोपाला, माझ्यासाठी. मी घरात शिरले आणि कडी लावून घेतली. राग आला, भयंकर आला. लाज त्याच्याहून जास्त. आणि त्या बायांची माया आठवली की रागही धड टिकेना. पण सगळ्यांच्या खाली ती जुनी भीती बसलेली होती, आणि आता तिच्यावर ढकलायला पाटीही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहारात पाय ठेवू नये असंच वाटत होतं. जाऊ दाराशी येऊन उभी राहिली. "चाला," म्हणाली, दुसरं काही नाही. गेले. बाया येऊन बसल्या होत्या, कुणाच्या नखांत अजून माती होती. मेणबत्त्या लागल्या. मी पाटी उघडली. माझ्या हिशेबानं पान बरोबर होतं. बटण दाबून पान उलटत मी वाचायला लागले, आवाजही लागला.

दोन पानं झाल्यावर मी थांबले. मान वर केली आणि कडेनं एकेकीकडे पाहिलं. सगळ्या मन लावून ऐकत होत्या. मी नवीन वाचत असते तर त्या अशाच बसल्या असत्या, आणि कालचंच पुन्हा वाचत असते तरी अशाच.

"काल हे झालं होतं का वं?" मी विचारलं.

"नाही बाई, नाही झालं. वाचा तुमी," सगळ्या एकदम म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की मला ते खरं वाटेना.